कालच्या व्हायलचं उत्तर

बाई, नमस्कार.

मी तेवीस वर्षांची आहे, गाव राधानगरी तालुक्यात. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दीड वर्ष झालं, कोल्हापुरात एका खासगी बालरुग्णालयात स्टाफ आहे. दहावीला गणितात ४१ मार्क होते, तेव्हापासून आकडे बघितले की पोटात गोळा येतो. गेल्या महिन्यात नाईटला सहा किलोच्या एका बाळाला अमिकासिन हे अँटिबायोटिक ४५ मिलिग्रॅम द्यायचं होतं. मी ०.९ मिली भरलं. आमच्या सिनियर सिस्टरनं ट्रेमधली जवळजवळ अर्धी रिकामी झालेली व्हायल (इंजेक्शनच्या औषधाची छोटी बाटली) उचलून बघितली आणि माझा हात धरला. व्हायल ५०० ची होती. औषध गेलं नाही, बाळाला काही झालं नाही. सिस्टर कुणाला काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. पण तेव्हापासून इंजेक्शन भरताना हात थरथरतो. बाथरूममध्ये जाऊन मोबाईलवर तीन-तीनदा हिशेब करते. रात्री डॉक्टरांना फोन करायची लाज वाटते. आई म्हणते, मोठ्यांच्या वॉर्डात जा नाहीतर सोड. मुलांच्या औषधाचा हिशेब न चुकता करायची काही पक्की रीत आहे का? की मी खरंच हे काम सोडावं?

– एक स्टाफ नर्स, कोल्हापूर

पोरी,

तुझं पत्र वाचलं, मग कागद-पेन घेऊन बसले आणि तुझा हिशेब मी स्वतः केला. तोच आधी सांगते, बाकीचं मागून.

मुलांच्या वॉर्डात अमिकासिनची १०० मिलिग्रॅमची व्हायल असते, २ मिलीची. म्हणजे एका मिलीत ५० मिलिग्रॅम. ४५ भागिले ५०, उत्तर ०.९ मिली. तुझं उत्तर बरोबर आहे, अगदी दशांश चिन्हासकट. फक्त ते कालच्या व्हायलचं उत्तर होतं. त्या रात्री ट्रेमध्ये ५०० ची आली, आणि तीही २ मिलीचीच. तिच्या एका मिलीत २५० मिलिग्रॅम. तिच्यातून ०.१८ मिली घ्यायचं होतं. तू ०.९ घेतलंस, म्हणजे २२५ मिलिग्रॅम. पाचपट.

म्हणजे महिनाभर तू ज्या ४१ मार्कांना दोष देत बसलीयस, त्यांचा यात काही संबंध नाही. भागाकार तुला येतो. तू व्हायल वाचली नाहीस. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, उलट ही चूक जास्त गंभीर धरायची. पण ती वेगळी चूक आहे आणि तिचा उपाय वेगळा आहे. बाथरूममध्ये तू तीनदा नव्हे, तीसदा हिशेब केलास तरी ४५ भागिले ५० हे ०.९ च येणार. मोबाईलला काय माहीत ट्रेमध्ये कुठली व्हायल पडलीय?

मी छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी मुलांच्या वॉर्डात आणि पुढची शिकवण्यात. माझ्या डोळ्यांसमोर झालेल्या चुका आठवल्या तर भागाकार चुकल्याच्या थोड्या. चुकीचा आकडा भागाकारात घातल्याच्या पुष्कळ. असे आकडे तीनच असतात: बाळाचं वजन, डॉक्टरांची ऑर्डर आणि औषधाच्या बाटलीवर लिहिलेली ताकद. हे तीन आकडे डोक्यातून काढायचे नाहीत. प्रत्येक वेळी, प्रत्येक डोसाला, जिथं लिहिलेत तिथं बघून घ्यायचे. आठवणीतला आकडा बरोबर असला तरी वापरायचा नाही.

वजनाचं घे. केस पेपरवर ६ किलो लिहिलंय, पण ते कुणी केलं, कधी केलं? ओपीडीत गर्दीच्या वेळी आईनं सांगितलेलं असतं, किंवा मागच्या महिन्याच्या लसीकरणाच्या कार्डावरून उतरवलेलं असतं. पावसाळ्यात आपल्याकडं बाळ कुंची, झबलं, स्वेटर आणि वर दुपटं असं बांधून आणतात. तीन किलोच्या बाळाच्या अंगावर तीनशे ग्रॅमचे कपडे असले तर तिथंच दहा टक्के चूक झाली, अजून औषधाला हातही लावलेला नाही. अ‍ॅडमिशनला बाळ उघडं करून, काटा शून्यावर आणून, स्वतः वजन कर आणि किलोत लिही, तारीख घालून. जुलाब-उलट्यांचं बाळ असेल किंवा अंगावर सूज असेल तर रोज कर.

मोठ्यांच्या वॉर्डात हे एवढं का लागत नाही, ते एकदा नीट समजून घे. मार्केट यार्डात गुळाचा तीस किलोचा रवा काट्यावर चढवतात, तिथं पाच-पन्नास ग्रॅमसाठी कुणी खोळंबत नाही. गुजरीत सराफाच्या काट्याला काचेची पेटी असते, वारा लागला तरी आकडा हलतो म्हणून. त्याच्या जुन्या हिशेबातली एक गुंज म्हणजे सुमारे १२१ मिलिग्रॅम, आणि तुझ्या त्या बाळाची मात्रा होती ४५, गुंजेच्या निम्म्याहून कमी. तू गुजरीतल्या काट्यावर बसलीयस. तिथं बसणाऱ्यानं दर वेळी डोळे काट्याला लावायचेच असतात, त्यात त्याचा कमीपणा नसतो.

आता ऑर्डर. इथं माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण तुझ्यासारखी मीही गप्प बसले होते.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. कागलकडचं एक बाळ, आठ किलोचं, झटके येऊन दाखल झालेलं. झटके थांबल्यावर फेनोबार्बिटोनचं सिरप चालू केलं. ऑर्डर होती पाच मिलिग्रॅम, दर किलोला, दर दिवसाला, दोन वेळांत विभागून. आठ पाचे चाळीस. चाळीस मिलिग्रॅम हे दिवसाचं. सकाळी वीस, रात्री वीस. मी चाळीस सकाळी दिलं आणि चाळीस रात्री दिलं. सिरपमध्ये ५ मिलीत २० मिलिग्रॅम होतं, म्हणजे ५ मिलीच्या जागी मी १० मिली पाजत होते, दोन्ही वेळा. दुसऱ्या दिवशी बाळाची आजी माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, “बाई, प्वार लई झोपतंय. दूध बी ओढंना.” मी म्हटलं, आजी, झटक्यांनी थकलंय ते, झोपू दे. तिसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी बाळाला चिमटा काढला, ते नुसतं कण्हलं. मग ट्रीटमेंट शीट मागवली आणि तिथंच सगळं उघड झालं. औषध थांबवलं, बाळावर नजर ठेवली, आणखी एका दिवसानं त्यानं डोळे उघडून आजीकडं बघितलं. मी त्या आजीला खरं काय झालं ते सांगितलं नाही. आज सांगितलं असतं.

तेव्हापासून मी विद्यार्थिनींना एकच लावून धरते: ऑर्डरमधला ‘दर दिवसाला’ आणि ‘दर वेळेला’ हा शब्द बोट ठेवून वाचायचा. पॅरासिटामॉल आपण दर वेळेला दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम मोजतो. अ‍ॅमॉक्सिसिलिन बहुतेक वेळा दिवसाचं मोजून विभागतो. दर किलोला दर दिवसाला ४० धरलं तर दहा किलोच्या पोराला दिवसाचे ४०० झाले, तीन वेळांत साधारण १३३. तेच ४०० तीनदा गेले तर १२०० होतात. दोन्ही औषधं एकाच ट्रेमध्ये शेजारी-शेजारी असतात आणि एकाची सवय दुसऱ्याला लागते. ऑर्डरमध्ये हा शब्दच नसला तर मनानं धरायचं नाही, विचारायचं. आणि दुसरं, आजी किंवा आई “नेहमीसारखं नाही” म्हणाली की त्या क्षणी शीट उघडायची. त्या बाळाला तिच्याइतकं कुणी बघितलेलं नसतं.

ऑर्डर वाचताना आकडे कसे लिहिलेत तेही बघ. अर्धा लिहायचा तर ‘०.५’, पुढचं शून्य घालूनच, कारण नुसता ठिपका पुसट झाला की पाच होतात. आणि पाच लिहायचे तर ‘५’. ‘५.०’ लिहिलं की घाईत कुणीतरी पन्नास वाचतंच. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचं अंतर आहे, म्हणून मायक्रोग्रॅम अख्खा शब्द लिहून घ्यायचा. आपल्याकडं आणखी एक भानगड आहे, जी पुस्तकांत सापडत नाही. शीटवर इंग्रजी आकडे आणि बाजूला कुणीतरी मराठी आकडे. मराठी एक हा घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो. एका शीटवर एकाच लिपीतले आकडे, एवढं तुमच्या वॉर्डात ठरवून घ्या.

तिसरा आकडा बाटलीवरचा, जिथं तू चुकलीस. त्यावर थोडी जास्त थांबते.

व्हायल तीन वेळा वाचायची: कपाटातून उचलताना, सिरिंज टोचायच्या आधी आणि ट्रेमध्ये ठेवताना. ही रीत तुला पहिल्या वर्षीच शिकवली असणार. पण बहुतेक जणी औषधाचं नाव तीनदा वाचतात आणि ताकद एकदाही वाचत नाहीत. अमिकासिन हे नाव दिसलं की डोळ्याचं समाधान होतं. म्हणून मी सांगते तसं कर: अंगठा नावावर ठेव, नाव झाक आणि नुसता आकडा मोठ्यानं वाच. “पाचशे, दोन मिलीत. म्हणजे एका मिलीत अडीचशे.” एका मिलीत किती, हे तोंडातून बाहेर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. १०० ची, २५० ची आणि ५०० ची, तिन्ही व्हायल २ मिलीच्याच येतात. हातात घेतल्यावर कळत नाही, वाचल्यावरच कळतं.

कोरड्या पावडरीच्या व्हायलमध्ये तर आकडा आपणच तयार करतो. १ ग्रॅम सेफ्ट्रियाक्सोनमध्ये ९.६ मिली पाणी घातलं की १० मिली होतं, कारण पावडरही जागा खाते. तेव्हा कुठं एका मिलीत १०० मिलिग्रॅम येतं. किती पाणी घालायचं ते खोक्यातल्या घडीच्या कागदावर असतं. तो कागद फेकायचा नाही, वॉर्डात एक फाईल करून ठेवायचा. आणि डायल्यूट केलेल्या व्हायलवर किती मिलीत किती मिलिग्रॅम, तारीख, वेळ, हे चिकटपट्टीवर लिहूनच ठेवायचं. पुढच्या ड्युटीतली मुलगी तुझ्या मनातलं वाचू शकत नाही.

सलाईनलाही हेच लागू. सहा किलोच्या बाळाला दिवसाचे ६०० मिली म्हटलं तर तासाला २५ मिली. मायक्रोड्रिप सेटचे ६० थेंब म्हणजे एक मिली, त्यामुळं मिनिटाला २५ थेंब. किती सोपं. पण स्टोअरमधून त्या दिवशी २० थेंबांचा मोठा सेट आला आणि सवयीनं २५ थेंबच लावले, तर तासाला ७५ मिली जातात. पुन्हा तेच, उत्तर बरोबर आणि सेट दुसरा.

या तीन आकड्यांनंतरचा हिशेब चौथीच्या पोराचा आहे: हवे भागिले हातातले, गुणिले मिली. ४५ हवेत, हातात ५०० आहेत, ते २ मिलीत आहेत. ४५ भागिले ५००, गुणिले २. झालं. यापेक्षा अवघड गणित तुला वॉर्डात क्वचितच लागेल, आणि ते कॅल्क्युलेटरवर करण्यात काहीही लाज नाही. बाथरूममध्ये मात्र करू नकोस. ट्रेपाशी, शीट समोर ठेवून, सगळ्यांदेखत कर. तुम्हाला परीक्षेला वयावरून मात्रा काढायचं यंगचं सूत्र असेल. पेपरात ते लिही, वॉर्डात नको. चार वर्षांचं एक पोर अकरा किलोचं असतं आणि दुसरं अठरा किलोचं, वयाला ते कळत नाही.

पण कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आधी एक गोष्ट करायची, आणि तू मागितलेली पक्की रीत कुठली म्हणशील तर मी हीच सांगेन. आधी अदमास, मग आकडेमोड.

आमटीत मीठ टाकताना तुझी आई मोजते का? पण कुणी मूठभर टाकायला लागलं तर ती लांबूनच ओरडते. तिला बरोबर आकडा माहीत नसतो, चुकीचा मात्र लगेच ओळखू येतो. औषधाच्या बाबतीत ही नजर तयार करावी लागते आणि ती होते. तुझ्याच बाळाचं बघू. मोठ्या माणसाला अमिकासिन साधारण एका वेळी ५०० मिलिग्रॅम, अख्खी मोठी व्हायल. मोठा माणूस साठ किलोचा, बाळ सहा किलोचं, म्हणजे दहावा हिस्सा. व्हायलचा दहावा हिस्सा ०.२ मिली. आता सिरिंजकडं बघ: ०.९. जवळजवळ अर्धी व्हायल. सहा किलोच्या जिवाला मोठ्या माणसाच्या निम्मं? तिथंच हात थांबायला हवा. त्या रात्री तुझ्या सिस्टरनं कुठलं गणित केलं नव्हतं, तिच्या नजरेला हेच खटकलं.

अदमासानं मात्रा ठरवायची नसते, हे पक्कं लक्षात ठेव. काही औषधं मुलांना दर किलोला मोठ्यांपेक्षा जास्त लागतात, नवजात बाळाची मूत्रपिंडं वेगळ्याच वेगानं काम करतात. अदमास फक्त चूक पकडायला. उत्तर अदमासाच्या आसपास आलं तर पुढं जायचं. दुप्पट-तिप्पट आलं, किंवा निम्म्याहून कमी आलं, तर सिरिंज खाली ठेवायची आणि तिन्ही आकडे परत बघायचे. मुलाचा डोस मोठ्या माणसाच्या डोसापेक्षा जास्त निघाला, तर थांबायचं. एका डोसाला दोन-तीन अँप्युल फोडाव्या लागतायत असं झालं, तर थांबायचं. उत्तर ०.१८ सारखं बारीक आलं, तर १ मिलीचीच सिरिंज घ्यायची, कारण ५ मिलीच्या सिरिंजवर रेघच ०.२ ची असते, त्याखालचं तुला दिसणार नाही.

दुसरी नजर कशी वापरायची तेही सांगते, कारण ती आपण बहुतेकदा वाया घालवतो. “सिस्टर, ०.९ बरोबर ना?” असं विचारलं की समोरून “हां, बरोबर” येतं. त्यांना तू उत्तर सांगून टाकलंस, मग त्या काय बघणार? शीट आणि व्हायल त्यांच्यापुढं ठेव आणि म्हण, “तुमचं किती येतं?” दोघींनी वेगळं काढून मग जुळवायचं. प्रत्येक डोसाला हे जमणार नाही, मला माहीत आहे एका नर्सकडं किती बेड असतात ते. पण केसीएल (पोटॅशियम क्लोराईड), इन्सुलिन, हेपारिन, मॉर्फिन-फेंटानिल, डिजॉक्सिन ही औषधं मुलाला एकटीनं भरून एकटीनं द्यायची नाहीत, कितीही धावपळ असो. इन्सुलिनची व्हायल ४० ची आहे की १०० ची आणि सिरिंजचं टोपण लाल आहे की केशरी, हे दोघींनी बघायचं. लाल ४० ला, केशरी १०० ला.

२००७ साली लॉस एंजेलिसमध्ये डेनिस क्वेड या अभिनेत्याच्या नवजात जुळ्यांना हेपारिन हजारपट गेलं. एका मिलीत १० युनिटची व्हायल हवी होती, आली १०,००० युनिटची. दोन्हींची लेबलं निळ्या छटांची होती. बाळं वाचली. जिथं माणसं, यंत्रं, पैसा कशाचीच वाण नव्हती तिथं तुझीच चूक झाली: हात सवयीच्या जागी गेला आणि आकडा वाचला गेला नाही. म्हणून ही कच्च्या मुलींची चूक आहे असं मनातून काढून टाक.

रात्री फोन करायची लाज वाटते म्हणतेस. त्याचं कारण, काय बोलायचं ते ठरलेलं नसतं आणि समोरचा झोपेतून उठलेला असतो. वाक्य आधी कागदावर लिही आणि वाचून दाखव: “सर, बेड चारचं बाळ, वजन सहा किलो, आज सकाळी केलेलं. अमिकासिन पंचेचाळीस, चार-पाच, मिलिग्रॅम, बारा तासांनी. आज पाचशेची व्हायल आलीय. माझं शून्य पॉइंट एक आठ मिली येतंय. खात्री करायची होती.” आकडे सुटे सुटे सांगायचे. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं. सर जे सांगतील ते परत म्हणून दाखवायचं आणि शीटवर वेळेसकट लिहायचं. एखाद्या रात्री खेकसतील. खेकसू देत. अशा फोनवर चिडलेले डॉक्टर मी पाहिलेत, आणि सकाळी राउंडला येऊन “बरं केलंस विचारलंस” म्हणणारेही तेच असतात.

आता झाल्या गोष्टीचं. तुझी सिस्टर गप्प बसली ती तुझ्यावरच्या मायेनं, आणि तिनं तुझा हात धरला याबद्दल मी तिला मनापासून नमस्कार करते. पण त्या कपाटात १०० च्या शेजारी ५०० ची व्हायल अजून आहे की नाही, ते तू लिहिलं नाहीस. माझा अंदाज, आहे. मग पुढच्या आठवड्यात दुसरी कुणी मुलगी नाईटला असेल आणि तिचा हात धरायला ही सिस्टर नसेल. म्हणून सांगायला पाहिजे. सिस्टरला बरोबर घे आणि इनचार्जकडं जा. रडायचं नाही, माफीनं सुरुवात करायची नाही. म्हणायचं, “मॅडम, पेडीच्या कपाटात अमिकासिनच्या दोन ताकदी एकत्र आहेत. माझ्याकडून चूक होता होता वाचली. ५०० च्या इथून काढून टाकता येतील का, किंवा वेगळ्या डब्यात लाल पट्टी लावून ठेवूया का?” एनएबीएच हे दर्जाचं मानांकन असलेल्या रुग्णालयात अशी होता होता टळलेली चूक नोंदवायची पद्धत असते, तिला ‘नियर मिस’ म्हणतात. तुमच्याकडं तसा फॉर्म नसेल तर साध्या कागदावर तारीख, औषध, काय झालं, कसं कळलं, एवढं लिहून दे. इनचार्ज कशा आहेत मला माहीत नाही, बोलणी बसण्याची शक्यता आहे हे मान्य करते. तरी सांग. मी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं होत आली, त्या आजीचा आवाज अजून कानात आहे.

सोडावं का? नको, आत्ता नको. मोठ्यांच्या वॉर्डात इन्सुलिन आहे, हेपारिन आहे, तिथंही व्हायल बदलतातच. हात थरथरतो तो काही आयुष्यभर थरथरणार नाही, त्याला काम दे. सुई टोचायच्या आधी व्हायल मोठ्यानं वाचायचं काम. पण दोन-तीन महिन्यांत कमी झालं नाही, झोप लागेनाशी झाली, ड्युटीच्या आधी पोट ढवळायला लागलं, तर ते अंगावर काढू नकोस. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. किंवा तुमच्याच रुग्णालयातल्या विश्वासाच्या डॉक्टरशी बोल. आणि तेव्हाही बदली मागावीशी वाटली तर माग, त्यात पळपुटेपणा नाही.

डिस्चार्जच्या वेळचं एक राहिलं, ते सांगितल्याशिवाय पत्र संपवता येत नाही. पॅरासिटामॉल ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, ५ मिलीत २५० चं मिळतं, आणि ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १०० असतं. दहा किलोच्या पोराला १५० मिलिग्रॅम म्हणजे पहिल्यातलं ६ मिली, दुसऱ्यातलं ३ मिली, ड्रॉप्सचं दीड मिली. गगनबावड्याची आई “सहा मिली” एवढंच लक्षात ठेवून जाते, आणि पुढच्या तापाला मेडिकलवाला ड्रॉप्स देतो. सहा मिली ड्रॉप्स म्हणजे ६०० मिलिग्रॅम, चौपट. म्हणून तिला नुसते मिली सांगू नकोस. तिची बाटली हातात घे, मापाच्या टोपणावर किंवा सिरिंजवर पेनानं रेघ मार, आणि सांग, “ही रेघ याच बाटलीसाठी. बाटली बदलली की दुकानात विचारल्याशिवाय पाजायचं नाही.” मग तिलाच पाणी घेऊन रेघेपर्यंत भरून दाखवायला लाव. दोन मिनिटं लागतात. (हे वाचणाऱ्या आईबापांना एक विनंती: इथले आकडे हिशेब समजावण्यापुरते दिलेत. आपल्या मुलाचा डोस यावरून ठरवू नका, आपल्या डॉक्टरांनाच विचारा.)

आता तू एक कर. शंभर पानी वही घे, खिशात मावेल अशी. तुमच्या वॉर्डात रोज लागणारी दहा-बारा औषधं, एका पानाला एक. वर नाव. खाली तुमच्याकडं येणाऱ्या सगळ्या ताकदी, प्रत्येकीपुढं ‘एका मिलीत किती’. त्याखाली दर किलोला किती, दिवसाला की वेळेला, जास्तीत जास्त किती, कशात डायल्यूट करायचं. आकडे माझ्या पत्रातून घेऊ नकोस, तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून लिही आणि त्यांची सही घे. पहिलं पान अमिकासिनचं असू दे.

आणि हा एक हिशेब मला सोडवून पाठव. पोर ११.२ किलोचं. सेफ्ट्रियाक्सोन, दर किलोला दर दिवसाला ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळांत. व्हायल १ ग्रॅमची, ९.६ मिली पाणी घालून तयार केलेली. एका वेळी किती मिली? डाव्या बाजूला आधी तुझा अदमास लिही, मग उजवीकडं उत्तर. अदमास खोडून नंतर दुरुस्त करायचा नाही. जसा आला तसाच मला बघायचा आहे.

– तुझी बाई